सहाशे चाळीस फोटोंतला कुत्रा

सव्वीस वर्षांत नाबोरच्या हातून एकही फोटो हरवला नव्हता. हे तो स्वतःच सांगायचा, दिवसातून एकदा तरी सांगायचा, आणि समोर गिऱ्हाईक नसलं तर बायकोला सांगायचा.

"कार्ड कॅमेऱ्यात आहे," सोमवारी सकाळी केरेतारो शहराला जाणाऱ्या बसची पायरी चढताना तो म्हणाला. "कॅमेरा गळ्यात आहे. गळा माझा आहे. आता यातलं काय हरवणार, तूच सांग."

"गळा नाही हरवायचा," ओतिलिया म्हणाली. "पण फोटो आधी कॉम्प्युटरवर उतरवून ठेवले असतेस तर गळ्याला तेवढंच कमी ओझं."

"आल्यावर उतरवतो."

"शनिवारी हेच म्हणालास. काल पण हेच म्हणालास."

"काल मी जॅकेटला इस्त्री करत होतो."

हे मात्र खरं होतं. चौदा खिशांचं काळं, बिनबाह्यांचं जॅकेट होतं ते. फोटोग्राफरांच्या राष्ट्रीय परिषदेला आणि प्रदर्शनाला जायचं म्हणून मुद्दाम घेतलेलं. चौदा खिशांना इस्त्री करायला रविवार पुरत नाही. आणि त्या चौदापैकी बारा खिशांत काहीही नव्हतं.

आता कार्डावर काय होतं ते सांगायला हवं, नाहीतर पुढे नाबोर रडकुंडीला येतो तेव्हा तुम्ही हसाल. (तरी हसालच.)

शनिवारी नाबोरच्या धर्मकन्येचा, यारेत्सीचा, पंधरावा वाढदिवस झाला. वामांत्ला या त्यांच्या गावात मुलीचा पंधरावा म्हणजे लग्नाला मागे टाकणारा सोहळा, आणि तो एकट्या बापाच्या खांद्यावर कोणी ठेवत नाही. केकचा एक पाद्रिनो, म्हणजे तेवढी जबाबदारी उचलणारा मानलेला बाप, झग्याची एक माद्रिना, मारियाची बँडवाल्यांचा आणखी कोणी. फोटोंचा पाद्रिनो नाबोर. आणि यारेत्सीची आई मारिसेला शिकागोत. सहा वर्षं झाली. तिथल्या बेकरीत कामाला आहे, कागदपत्रं नाहीत. म्हणजे इकडे आली तर परत जाता येत नाही, म्हणून लेकीच्या पंधराव्यालाही ती आली नाही.

"कोमाद्रे, तुम्ही काळजी करू नका," नाबोरने तिला फोनवर सांगितलं होतं. (पाद्रिनो आणि मुलीचे आईबाप एकमेकांना कोमाद्रे, कोंपाद्रे म्हणतात.) "हलणाऱ्या फोनवरून लेकीचा पंधरावा बघायचा असतो का? तुम्हाला मी खरे फोटो दाखवतो. फोटो कसे असतात तसे."

आणि शब्दाला जागून त्याने सोहळ्यात तोर्तियांची, म्हणजे मक्याच्या भाकऱ्यांची, टोपली फिरवली. तोर्तिया वाढायला नव्हे, सगळ्यांचे फोन गोळा करायला. आत्या, मावश्या, चुलत भाऊ, मारियाचींचा तुतारीवाला, कोणी सुटलं नाही. एका मावशीने फोन गाऊनमध्ये लपवला होता. नाबोर तिच्यासमोर टोपली धरून उभा राहिला, ती द्यायला तयार होईपर्यंत.

तर यारेत्सीच्या पंधराव्याचे या जगात आठशे बारा फोटो होते. सगळे एका कार्डावर. कार्ड कॅमेऱ्यात, कॅमेरा गळ्यात.

*

फोटो ००१२. चर्चच्या पायऱ्या. गुलाबी झगा, सोळा मीटर घेर. तोंड मिटलेलं (दाताला तार आहे, पाद्रिनोने सांगितलंय, हसायचं नाही). डावीकडे कुत्रा.

फोटो ०१७०. वडिलांबरोबर वॉल्ट्झ नाच. तोंड मिटलेलं. झग्याखाली कुत्र्याची शेपटी.

फोटो ०२०३. सुटातली आठ पोरं, रांगेत. नववा कुत्रा. तोही रांगेत.

फोटो ०३८८. नाक. कुत्र्याचं. बाकी काही दिसत नाही. खोडणे.

*

कुत्र्याचं नाव वकीलसाहेब. काळा कुत्रा, गळ्याखाली पांढरा पट्टा, चेहरा असा की कुठल्याही क्षणी हरकत घेईल. तो यारेत्सीचा. कॅमेरा दिसला की फोटोत येऊन बसायचा आणि भिंगात रोखून बघायचा. नाबोरने बसमध्ये बसल्या बसल्या मोजलं: आठशे बारांपैकी सहाशे चाळीस फोटोंत वकीलसाहेब हजर.

"म्हणूनच तर चाललोय," तो शेजारच्या प्रवाशाला म्हणाला. प्रवासी झोपला होता. "दुपारी चार वाजता वर्ग आहे. 'फोटोतलं नको ते काढून टाका.' मायेस्त्रा ग्रिसेल्दा शिकवणार. सहाशे चाळीस वेळा काढीन, पण मारिसेलाला स्वच्छ अल्बम देईन."

केरेतारोच्या त्या प्रचंड हॉलमध्ये नाबोर शिरला आणि त्याचा ऊर भरून आला. इथे प्रत्येक जण प्रत्येकाला मायेस्त्रो, म्हणजे उस्ताद, म्हणत होता, बाई असेल तर मायेस्त्रा. मायेस्त्रो, जरा सरका. मायेस्त्रो, संडास कुठे आहे? सोय चांगली होती, कोणाचं नाव लक्षात ठेवावं लागत नाही. (ही सोय पुढे नाबोरच्या मुळावर आली.)

दारात प्रत्येकाला एक पिशवी मिळाली. पिशवीत पेन, पत्रकं आणि कॅमेऱ्याचा एक पट्टा. पिवळाधमक, चकचकीत, परिषदेचं चिन्ह असलेला. नाबोरने आपल्या पट्ट्याकडे पाहिलं. ओतिलियाने तो स्वतः भरला होता. लाल गुलाब, हिरवी पानं, आणि मध्ये निळ्या दोऱ्याने "फोटो नाबोर, वामांत्ला". चार महिने लागले होते तिला. नाबोरने इकडेतिकडे पाहिलं, एका खांबाआड गेला, गुलाब काढून तेराव्या खिशात घातले आणि पिवळा पट्टा लावला.

त्या खांबाआड आणखी तीन मायेस्त्रो हेच करत होते.

पुढे एका दुकानावर पाटी होती: कॅमेरा फुकट साफ करून मिळेल. समोर रांग. नाबोरने कॅमेरा दिला. टेबलावर पन्नासेक कॅमेरे मांडलेले होते, सगळे काळे, सगळ्यांना पिवळे पट्टे. एका लग्नाला आलेले सख्खे भाऊ जणू. अर्ध्या तासाने टेबलावरच्या मुलीने हसून एक कॅमेरा त्याच्या हातात दिला. "घ्या मायेस्त्रो, नव्यासारखा झालाय."

नव्यासारखाच झाला होता. नाबोर खूष होऊन वर्गाकडे निघाला.

*

वर्गात दोनशे माणसं होती. मायेस्त्रा ग्रिसेल्दा बुटकी होती, आवाज मात्र उंच. तिने विचारलं, "कोणाकडे एखादा अवघड फोटो आहे? ज्यातून काहीतरी काढायचंय?"

नाबोरचा हात वर गेला. दोनशेंत सगळ्यात आधी.

"काय काढायचंय, मायेस्त्रो?"

"कुत्रा."

"किती फोटोंत?"

"सहाशे चाळीस."

हॉलमध्ये आदराची कुजबुज झाली. नाबोर पुढे गेला, कार्ड दिलं, खुर्चीवर पाठ टेकून बसला. पडद्यावर दुमजली घराएवढा फोटो आला. चर्चच्या पायऱ्या. गुलाबी झगा. मुकुट.

"छान," ग्रिसेल्दा म्हणाली. "कुत्रा कुठे आहे?"

"डावीकडे."

दोनशे माना डावीकडे वळल्या. डावीकडे कुंडी होती.

"पुढच्यात असेल," नाबोर म्हणाला.

पुढच्यात वॉल्ट्झ. गुलाबी झगा, बापाचे पाणावलेले डोळे. "झग्याखाली बघा. शेपटी असणार."

ग्रिसेल्दाने झग्याची किनार मोठी केली. आणखी मोठी केली. पडद्यावर फक्त गुलाबी जाळी राहिली. शेपटी नव्हती.

"मायेस्त्रो," ती हळूच म्हणाली, "कुत्रा तर आधीच काढलाय. आणि खरं सांगू? माझ्यापेक्षा चांगला काढलाय."

हॉल हसला. आणि इथे नाबोरचं जरा चुकलंच. तो घाबरायला हवा होता, तो घाबरला नाही. त्याला वाटलं, चमत्कार झाला. कॅमेरा साफ केला तसा कुत्राही साफ झाला. सुटातली पोरं आली, मोजली, आठच. बूट बदलून पहिल्या उंच टाचा घालण्याचा फोटो आला, बालपणाच्या शेवटच्या बाहुलीचा आला, सिंहासनाचा आला. सातव्या फोटोपर्यंत नाबोर हात जोडून बसला होता.

आठवा फोटो मुलीच्या चेहऱ्याचा होता. अगदी जवळून घेतलेला.

"ही कोण?" नाबोर म्हणाला.

"आम्हाला काय माहीत," ग्रिसेल्दा म्हणाली. "कार्ड तुमचं."

तेराव्या खिशातले गुलाब नाबोरला टोचायला लागले. दोऱ्याचे गुलाब टोचत नाहीत, पण टोचायला लागले.

आणि फोन वाजला. शिकागो.

"कोंपाद्रे," मारिसेला म्हणाली, मागे भट्टीचा पंखा घरघरत होता, "माझी अर्ध्या तासाची सुट्टी आहे. एकच फोटो पाठवा ना. इथे सगळ्या बायका विचारतायत. मी म्हटलं, पाद्रिनो आमचा शब्दाचा पक्का आहे."

"हो, कोमाद्रे."

"आवाज असा काय येतोय तुमचा?"

"सर्दी झालीये," नाबोर म्हणाला आणि धावत सुटला.

*

"ज्यांना दिला त्यांना दिला," साफसफाईच्या टेबलावरची मुलगी म्हणाली. "मी काय नावं विचारते?"

"दिसायला कसे होते ते?"

"मायेस्त्रोसारखे. काळं जॅकेट. खूप खिसे."

नाबोरने मागे वळून पाहिलं. हॉलभर काळी जॅकेटं आणि खिसे.

"भोंग्यावरून सांगा," तो काकुळतीला येऊन म्हणाला. "प्लीज."

भोंग्यावरून सांगितलं गेलं, ते असं: 'ज्या मायेस्त्रोंकडे पिवळ्या पट्ट्याचा काळा कॅमेरा आहे, त्यांनी कृपया साफसफाईच्या टेबलापाशी यावं.'

तीनशे माणसं आली.

दुकानदार आले, वर्ग अर्धवट सोडून ग्रिसेल्दा आली, प्रदर्शनातली मॉडेल म्हणून उभी असलेली पांढऱ्या झग्यातली मुलगी आली, कारण तिचे सगळे फोटोग्राफर निघून गेले होते. सगळ्यांना वाटलं काहीतरी फुकट वाटतायत. नाबोर खुर्चीवर चढला.

"मायेस्त्रो लोकहो, माझा कॅमेरा बदललाय. तुमच्यापैकी कोणाकडे तरी माझ्या धर्मकन्येच्या पंधराव्याचे फोटो आहेत."

तीनशे कॅमेऱ्यांचे पडदे उजळले. नाबोर खुर्चीवरून उतरला आणि रांगेतून चालू लागला. पहिल्याच्या पडद्यावर पायऱ्यांवर गुलाबी झगा. दुसऱ्याच्या पडद्यावर पायऱ्यांवर गुलाबी झगा. तिसऱ्याचा निळा होता, पण पायऱ्या त्याच. मुकुट, बूट, बाहुली, सिंहासन, सुटातली आठ पोरं. सगळ्या देशाने जणू एकच मुलगी पंधरा वर्षांची केली होती आणि नाबोरसकट सगळ्यांनी तिला एकाच पायरीवर उभं केलं होतं. मान जरा डावीकडे, हनुवटी खाली, तोंड मिटून. सव्वीस वर्षं तो ज्याला आपली खास पोझ म्हणत होता, ती तीनशे गळ्यांत लटकत होती.

चेहरे बघून काही कळेना. रंगवलेल्या पंधरा वर्षांच्या मुली त्याला एकसारख्या दिसायला लागल्या. शेवटी त्याने बघणं सोडलं आणि फक्त विचारत सुटला.

"कुत्रा आहे का?"

"नाही, मायेस्त्रो."

"कुत्रा?"

"मांजर आहे. चालेल?"

"कुत्रा आहे?"

"घोडा आहे. पण त्याला आमंत्रण होतं."

"कुत्रा?"

"मायेस्त्रो, तुमच्या धर्मकन्येचा चेहरा कसा आहे ते सांगा ना, कुत्र्याचं काय घेऊन बसलात?"

नाबोर थांबला. चेहरा. त्याने आठशे बारा फोटो घेतले होते आणि डोळ्यांसमोर येत होता तो एकच चेहरा. काळा, गळ्याखाली पांढरा पट्टा, हरकत घेण्याच्या तयारीतला.

"कुत्रा शोधताय?" रांगेच्या शेवटून कोणीतरी ओरडलं. "तिकडे छपाईवाल्यांकडे एक छापतायत बघा. दीड मीटरचा."

*

छपाईच्या यंत्रासमोर एक म्हातारा हाताची घडी घालून उभा होता. काळं जॅकेट, पिवळा पट्टा, आणि चेहऱ्यावर देवळातल्यासारखा भाव. फ्रेस्नियो गावाहून आलेला वुल्फ्रानो तो. प्रत्येक पाहुण्याला एक मोठा फोटो फुकट छापून मिळत होता.

"मायेस्त्रो," नाबोर धापा टाकत म्हणाला, "तुम्ही कोणता फोटो दिलात छापायला?"

"मला काय माहीत? चष्मा हॉटेलात राहिला. मी इथल्या पोराला म्हटलं, कार्डातला तुला आवडेल तो काढ." वुल्फ्रानो पुढे वाकला. "पण खरं सांगू, मघापासून बुचकळ्यात पडलोय. ही पोरं म्हणतायत, मायेस्त्रो, तुमचा कुत्रा भारी आहे. माझ्या शनिवारच्या कामात कुत्रा नव्हता. मी म्हटलं, असेल, माझं लक्ष नसेल."

यंत्र चाललं होतं. एका बोटाएवढा कागद बाहेर यायचा, घर्र करायचं, पुन्हा एका बोटाएवढा.

आधी कागदी पताका आल्या. पताका सगळ्यांकडे असतात.

मग मुकुट. मुकुटही.

मग कपाळ. मग डोळे. ते हसून हसून मिटलेले होते. अशी मुलगी त्याच्या एकाही फोटोत नव्हती, त्याने तसं हसूच दिलं नव्हतं कोणाला.

घर्र.

मग तोंड आलं, उघडं. सताड उघडं, मागच्या दाढा दिसतील इतकं. दातांवर तार आणि तारेवर हिरव्या रबराचे ठिपके.

त्या हिरव्या ठिपक्यांवरून तर त्याने यारेत्सीला दम दिला होता. 'तोंड मीट. आई बघणार आहे.'

घर्र. घर्र.

मग दोन कान. मग हरकत घेणारे दोन डोळे. आणि मग कागदाच्या पाऊण भागात, पुसट, ओलं, भिंगाला जवळजवळ टेकलेलं, तीन तळहातांएवढं नाक.

फोटो ०३८८. कॅमेऱ्याच्या चिमुकल्या पडद्यावर त्याला फक्त नाक दिसलं होतं. नाक धूसरच होतं. कॅमेऱ्याने नेम धरला होता तो मागच्या मुलीवर.

नाबोर खाली बसला. जमिनीवरच बसला, चौदा खिशांसकट.

"काय झालं, मायेस्त्रो?" वुल्फ्रानो घाबरला. "पाणी आणू?"

"काही नाही," नाबोर म्हणाला. "वकीलसाहेब आले."

मग कॅमेऱ्यांची अदलाबदल झाली, दोघांनी आपापली कार्डं तपासली, वुल्फ्रानोच्या फोटोंतली मुलगी वुल्फ्रानोकडे गेली. आपलं कार्ड दोनशे माणसांना दुमजली घराएवढं दाखवून झालंय हे ऐकल्यावर म्हातारा म्हणाला, "लोकांना आवडले का?" नाबोर म्हणाला, "त्यातून काढण्यासारखं काही सापडलं नाही." म्हाताऱ्याने त्याला मिठी मारली. नाबोरने तेराव्या खिशातून गुलाब काढले आणि तिथेच, सगळ्यांसमोर, खांब न शोधता, आपला पट्टा लावला.

"कोणी भरलाय हो?" वुल्फ्रानोने बोटांनी चाचपून विचारलं.

"बायकोने."

"मग हा काढला कशाला होता?"

नाबोरने गळ्यातले गुलाब सरळ केले.

शिकागोच्या अर्ध्या तासातली तीन मिनिटं उरली होती. मोठा फोटो भिंतीला टेकवून नाबोरने त्याचा फोनवर फोटो काढला. हो, फोनवर. जरा वाकडाच आला. पाठवला.

मग तिला फोन लावला. मागे पुन्हा भट्टीचा पंखा घरघरत होता.

"कोमाद्रे?"

"हसतेय," मारिसेला म्हणाली.

"हो. त्याचं काय झालं, कोमाद्रे, मी तिला सांगितलं होतं की..."

"ती तार मी इथून पैसे पाठवून बसवून घेतली, कोंपाद्रे. फोनवर बोलते तेव्हा तोंडावर हात धरते. दीड वर्षात मी ती तार बघितली नव्हती." तिने नाक ओढलं. "हिरवी घेतली का रबरं? मी निळी घे म्हटलं होतं. ऐकते कुठे."

सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच त्याला आपल्या फोटोबद्दल काही सांगावंसं वाटलं नाही.

"आणि वकील किती सुटलाय तो," मारिसेला म्हणाली, आणि आता ती हसत होती. "बाटलीने दूध पाजून वाढवलाय मी त्याला. एवढासा होता, खोक्यात. बाकीच्या फोटोंत आहे ना हो?"

नाबोरचा ऊर पुन्हा भरून आला. "कोमाद्रे, एक-दोन नाही. आठशे बारांपैकी सहाशे चाळीस फोटोंत आहे."

"आणि उरलेल्या एकशे बहात्तर फोटोंत?"

"त्या वेळी..." नाबोरने जॅकेटचा एक खिसा उघडला, बंद केला. "त्या वेळी मी त्याला न्हाणीघरात कोंडलं होतं."

"तुम्ही पाद्रिनो असून?"

"असू दे, कोमाद्रे. करतो काहीतरी."

सुट्टी संपली, फोन बंद झाला. नाबोरने दीड मीटरच्या वकीलसाहेबांची गुंडाळी केली, काखेत मारली आणि वर्गाकडे गेला. लोक निघून गेले होते. ग्रिसेल्दा वायरी गुंडाळत होती.

"सापडला का कुत्रा, मायेस्त्रो?"

"सापडला."

"मग आणा, बसा. तुमच्यासाठी थांबते मी. एकदा दाखवते, बाकीचे सहाशे एकोणचाळीस तुम्ही घरी काढा."

"काढायचं राहू द्या, मायेस्त्रा," नाबोर खुर्ची पुढे ओढत म्हणाला. "घालायचा कसा, तेवढं सांगा."